नको म्हणणाऱ्यांची पंगत

तरसाली, बडोदे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार लिहिला की तुम्ही म्हणता, कागदावर कोण वाकून बघतंय. तेव्हा नुसता नमस्कार.

फोन तुम्ही घेत नाही. देवेश म्हणाला, "ताई, बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणतात." शेजारच्या खोलीत चमचा पडला तर तो आमटीचा की भाताचा हे ओळखणारा माणूस, आणि त्याला माझा फोन ऐकू येत नाही! असू दे. पत्र तुम्ही वाचल्याशिवाय राहणार नाही, कारण लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही प्रेसच्या नावापर्यंत वाचता.

पहिली गोष्ट, मी माफी मागायला लिहीत नाही. त्या साखरपुड्यात तुम्ही जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत होतात. लोक दोन्ही हातांनी पान झाकत होते, तुम्ही त्यांच्या हातांवरच जिलबी ठेवत होतात आणि सगळी पंगत हसत होती. मी आले आणि तुमच्या हातातलं ताट काढून घेतलं. चारचौघांत घ्यायला नको होतं, एवढं मान्य. पण ताट काढलं ते बरोबरच केलं, आणि पुन्हा दिसलं तर पुन्हा काढीन.

"वाढायचं नाही, तर इथे राहून मी करू काय?" एवढंच बोललात आणि दुसऱ्या दिवशी देवेशकडे पुण्याला निघून गेलात. निदान भांडायचं तरी होतं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर पंगतीकडे तोंड करून उभे राहिलात. मी मागच्या बाजूला उभी असते, खरकट्याच्या पिंपापाशी. तुम्ही प्रेमाने ठेवलेल्या जिलब्या मला तिथे भेटतात, एक घास खाल्लेल्या. श्रीखंड, मसालेभात, अख्ख्या पुऱ्या. मकरपुऱ्याच्या कारखान्यात मी सांडपाण्याचं काम बघायचे, तेव्हा नाल्यात काय सोडलं जातं त्याबद्दल साहेबांशी वाद घालायचे. आता साहेब मीच आहे. मग घरच्या पिंपाकडे पाठ फिरवून कशी उभी राहू?

हा पंगतींचा व्यवसाय देवेशने घ्यायचा होता, हे मला कोणी सांगायला नको. त्याने सॉफ्टवेअर धरलं तेव्हा तुम्ही वर्षभर त्याच्याशी धड बोलला नाहीत. मी नोकरी सोडून आले तेव्हाही काही बोलला नाहीत, फक्त कोठीच्या किल्ल्या ओट्यावर ठेवल्यात. मी त्याचा अर्थ "सांभाळ" असा घेतला. आता वाटतं, "आहे तसं सांभाळ" असा असेल.

आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्यात होते तेव्हापासूनचं आपल्या घरातलं ते वाक्य, "आपल्या पंगतीतून कोणी उपाशी उठलेलं नाही," मी अक्षरं ओळखायच्या आधी ऐकलंय. त्याला मी धक्का लावणार नाही. वाया जाणारं तेवढं थांबवणार आहे.

इकडची काळजी करू नका. तिकडे बरं वाटत असेल तर राहा.

तुमची,
निरू


तरसाली
९ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

उत्तर नाही. ठीक आहे, तुम्ही वाचताय असं धरून लिहिते. देवेश म्हणाला, पत्र उशीखाली आहे. उशीखाली तुम्ही फक्त घड्याळ ठेवता, तेव्हा माझी बढतीच झाली म्हणायची.

बातमी चांगली आहे. थर्मोकोलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे पेले आपल्या गोदामातून कायमचे गेले. स्टीलच्या वाट्या आल्या. भांडी घासणाऱ्या बायका आधी माझ्यावर चिडल्या, मग मी आणखी दोघींना कामावर घेतलं तेव्हा निवळल्या. भाज्यांची देठं, सालं पादरा गावाजवळच्या एका शेतावर खतासाठी जातात.

आणि मुख्य म्हणजे वाढप्यांना नवा नियम लावून दिला आहे. पान भरून वाढायचं नाही, थोडं वाढायचं. पाहुणा "नको" म्हणाला की पुढे जायचं. "माझ्यासाठी एक," "मुलीच्या नावाने एक," हे सगळं बंद. जो आग्रह करील त्याला पुढच्या कामाला बोलावणार नाही, असंही सांगितलं. पिलाजीराव सगळ्या वाढप्यांचे मुकादम, त्यांना पुढे उभं करून त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. ते म्हणाले, "ताई, बोलतो, पण मला नाही गमलं हे." मी म्हटलं, गमायची, आवडायची सवय होईल.

काल पादऱ्याला लग्न होतं. आपल्या बडोद्याचीच मुलगी, वरपक्ष इंदूरचा, सगळे मराठी. बुफे नको, पंगतच हवी, असा मुलीच्या वडिलांचा हट्ट. नियम लावल्यानंतरची पहिली मोठी पंगत. बाबा, शेवटी मी मागे जाऊन बघितलं तर पिंप जवळजवळ रिकामं! तळाला थोडी सालं आणि लिंबाच्या फोडी. मला इतका आनंद झाला की मी पिंपाचा फोटो काढला. लोक नवरानवरीचे फोटो काढत होते आणि मी पिंपाचा. तो देवेशला पाठवला आहे, तुम्हाला दाखवायला सांगितलंय. बघा एकदा.

मला वाटतं, तुम्ही इथे असतात तर तुम्हालाही पटलं असतं. असो. पुण्याची हवा मानवत असेलच.

तुमची,
निरू


तरसाली
१६ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच शब्द लिहायचे म्हणजे कमाल आहे. "उपाशी उठले?"

म्हणजे पिलाजीरावांनी तुम्हाला फोन केला. त्यांचा फोन बरा ऐकू येतो.

हो बाबा. उपाशी उठले.

मागचं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "निरुपमाताई, माझे व्याही पादऱ्याच्या चार रस्त्यावर हातगाडीवर उभं राहून सेवउसळ खाताना माझ्या भाच्याला दिसले. लग्नाच्या कपड्यांत. मुलाचे मामा, मावश्या, सगळे." एवढं सांगून फोन ठेवला.

काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच. मला मात्र ते त्या फोननंतर, खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. ती परक्या घरी आलेली मुलाकडची माणसं. पहिल्यांदा विचारल्यावर "हो" कसं म्हणतील? संकोचाने "नको नको, पुरे" म्हणाली. आपल्याकडे पहिलं नको हे नकोच नसतं. दुसरंही नसतं. ती वाट बघत होती की कोणी तरी म्हणेल, "असं कसं, घ्या ना." आणि माझे वाढपी नोकरी जाईल म्हणून मान खाली घालून पुढे निघून गेले. पिंप रिकामं होतं कारण पानंही रिकामीच होती.

आणि मी फोटो काढला! तो देवेशने तुम्हाला दाखवला असेल तर कृपा करून विसरा.

एक गोष्ट सांगते. मी चिडले आधी तुमच्यावर. वाटलं, तुम्हीच या लोकांना आग्रहाची इतकी सवय लावली की त्यांना स्वतःच्या भुकेबद्दल स्वतः बोलता येत नाही. मग स्वतःवर चिडले. मग रडले. पिलाजीराव नेमके तेव्हा आले. ते बिचारे परत फिरले आणि दारातून म्हणाले, "ताई, चहा ठेवायला सांगू के?" तुम्हाला फोन त्यांनी त्यानंतर केला असेल. त्यांना मी काही बोलणार नाही.

मी इंदूरला जाऊन आले. मुलाच्या घरी. तुम्ही गेलाच असतात, म्हणून गेले. मुलाच्या आईने पाणी दिलं, चहा दिला, आणि शेवटी त्याच मला म्हणाल्या, "अहो, आम्हीच बोलायला हवं होतं. पण बोलवत नाही ना." त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही.

माघ महिन्यातली दोन कामं लोकांनी रद्द केली. बातमी दांडिया बाजारापासून सयाजीगंजापर्यंत पोचली आहे. "गोविंदरावांच्या मुलीने वऱ्हाड उपाशी ठेवलं," असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. आपल्या घराचं ते वाक्य माझ्या हातून मोडलं. तुम्ही दोनच शब्द लिहिलेत तेही बरोबरच केलंत.

पण मी पुन्हा जिलबीचं ताट घेऊन फिरायला लागणार नाही. काही तरी तिसरा मार्ग असेल. मला तो अजून दिसत नाही.

तुमची,
निरू


तरसाली
२० जानेवारी २०२५

ती. बाबा,

संक्रांतीचा तिळगूळ देवेशच्या पत्त्यावर पाठवला होता, मिळाला असेल. या वेळी उत्तरायणला पतंगांसाठी गच्चीवर गेले नाही. शेजारच्यांनी हाका मारल्या, मी म्हटलं काम आहे. काम नव्हतं. घर मोठं झाल्यासारखं वाटतं, इतकंच.

ऐका, काय केलं ते. संक्रांतीआधीच्या रविवारी आपल्या भटारखान्यात मी पंगत घातली. पाहुणे कोण? आपले वाढपी. वाढणार मी आणि आचारी. नियम असा की थोडंथोडं वाढणार, फेऱ्या पुष्कळ मारणार, आणि "घ्या ना" असं न म्हणता "काय आणू?" असं विचारणार. ज्याला जे हवं ते त्याने मागायचं. पोटभर जेवायचं आणि पान स्वच्छ.

बाबा, एकानेही मागितलं नाही. आपलीच माणसं, आपलंच घर, वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली! मी "काय आणू?" विचारत फिरतेय आणि सगळे "बस, बस, भरपूर झालं." पिलाजीरावांच्या भाजीत मीठ कमी होतं, मुद्दाम कमी ठेवलं होतं मी. त्यांनी ती तशीच खाल्ली आणि मीठ मागितलं नाही. नंतर मी विचारलं, "का हो?" तर लाजून म्हणाले, "पंगतीत मागायचं म्हणजे खराब लागतं ने, ताई. लोक म्हणतील हा घरी जेवत नाही."

मग मी दुसऱ्यांना दटावणं थांबवलं आणि त्यांच्यात जाऊन बसले. म्हटलं, मला वाढा. आणि बाबा, मलाही मागता येईना! कोशिंबीर हवी होती. समोर आचारी उभा, माझ्या पगारावरचा माणूस, आणि माझ्या तोंडून निघालं, "नको, पुरे." सगळे खो खो हसले. मीही हसले. त्या हसण्यानंतर मात्र सगळे मोकळे बोलायला लागले. आग्रह बंद केल्यापासून पंगतीत चेहरे पडतात हे मला पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं. कोण म्हणालं बायका लाजतात, कोण म्हणालं म्हातारे तर मुळीच मागणार नाहीत. शिक्षेचा नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. भीतीने कोणी अन्न वाचवत नाही, पुढे सरकतो फक्त.

आता अडचण अशी की आम्ही विचारायला तयार आहोत, पण मागणारा कोणी नाही. दोन छोट्या कार्यांत "मागून घ्या" अशी पाटी लावून बघितली. लोकांनी पाटीसमोर उभं राहून फोटो काढले आणि जेवताना नको म्हणाले. मागायला इतकी लाज का वाटते हो आपल्याला? तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.

आणखी एक. सदानंदकाकांचं सहस्रचंद्रदर्शन नऊ फेब्रुवारीला आहे, सयाजीगंजातल्या हॉलमध्ये. तुमचे एवढे जुने मित्र, काम आपल्याकडेच यायला हवं. मी गेले तर काठी आपटून म्हणाले, "गोविंद येणार असेल तर काम तुझं. मला उपाशी नाही उठायचं." सगळ्यांदेखत बोलले. आता हे कार्य हातचं गेलं तर पुढच्या वर्षी आपल्याला पंगतीचं काम कोणी देईल असं वाटत नाही. बुफेवाल्यांची काय कमी आहे बडोद्यात.

मी त्यांना सांगितलं, बाबांचं काही सांगता येत नाही, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं.

ही विनंती नाही, माहिती आहे. यायचंच ठरवलंत तर एक अट आहे. वाढायला उभं राहायचं नाही. पाहुणे म्हणून पंगतीत बसायचं. तुम्ही कधी बसलाच नाहीत. सगळे उठल्यावर कोठीत उभ्याने जेवायचात, उरलेलं. तुमच्यासमोर कोणी ताट मांडून वाढलंय, असं मी बघितलेलंच नाही.

नाही आलात तरी चालेल. तुमच्या मनाला येईल तसं करा.

तुमची,
निरू


तरसाली
११ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

काल गाडी सुटल्यावर मी बराच वेळ फलाटावर उभी होते. तुम्ही खिडकीतून "चल, येतो" म्हणालात आणि मी म्हटलं, "सावकाश जा." दोन दिवस घरात होतात, आणि आपण दोघं हवापाण्याबद्दल बोललो. देवेशला बिचाऱ्याला आपल्या दोघांच्या मध्ये बसून घाम फुटला. म्हणून पुन्हा कागदावर आले.

परवाचं सांगते, माझ्या बाजूने. तुम्ही पहिल्या पंगतीत सदानंदकाकांच्या शेजारी बसलात, पांढरा सदरा घालून. हात कुठे ठेवावेत ते तुम्हाला कळत नव्हतं. एकदा मांडीवर, एकदा पानाच्या कडेला. पिलाजीराव माझ्या कानात म्हणाले, "साहेबांना बसलेलं बघवत नाही, ताई." मलाही बघवत नव्हतं.

पहिलं वाढप झालं, थोडंथोडं. दुसरी फेरी सुरू झाली. "काय आणू?" "नको." "काय आणू?" "नको नको, पुरे." या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच. चांगली भुकेली माणसं, पानं रिकामी, आणि तोंडाने पुरे! बाबा, मला पादऱ्याचा चार रस्ता दिसायला लागला. मनात म्हटलं, आता पिलाजीरावांना खूण करावी आणि आग्रह सुरू करावा. मान वळवलीसुद्धा होती मी.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. तुमचा तो मोठा, कोठीतून अंगणापर्यंत जाणारा आवाज.

"निरू, मसालेभात आण. थोडाच. आणि वर तूप."

सगळी पंगत तुमच्याकडे बघायला लागली. बडोद्यात आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या पानात वाढलं, तो माणूस सगळ्यांसमोर मागतोय. मी भात घेऊन आले. तूप थोडं पानाबाहेर सांडलं. तुम्ही वर बघितलं नाही. म्हणालात, "अजून थोडा. हं, बस." आणि ते "बस" खरं होतं. मी थांबले.

मग सदानंदकाका म्हणाले, "ए, मग मलाही अळूची भाजी." पलीकडच्या आजी म्हणाल्या, "अगो, मला मठ्ठा हवाय केव्हाचा!" मग लिंबू, मग मीठ, मग जिलबी, एक, अर्धी, आणखी अर्धी. वाढप्यांची धावपळ उडाली. इतका गलका मी कुठल्या पंगतीत ऐकला नव्हता. लोक एकमेकांना विचारत होते, तुम्ही काय मागवलंत? शेवटी मागे जाऊन बघायचं मी विसरले. पिलाजीराव आपणहून गेले, आल्यावर म्हणाले, "पानं पुसून काढलीत, ताई," आणि मग हळूच, "आणि ढेकर पण दिलेत."

दुसऱ्या पंगतीत तर बसल्या बसल्याच लोक मागायला लागले. काल दिवसभरात तीन फोन आले, तिघांनाही "गोविंदराव बसले होते तशी" पंगत हवी आहे. तुमच्या नावाने काम आलं, आणि पद्धत माझी. आपल्या दोघांचं हे पहिलंच एकत्र काम असेल.

पण मी हे पत्र कामासाठी लिहीत नाही.

तुम्ही घरात कधी पाण्याचा पेला मागितलेला मला आठवत नाही. आई होती तेव्हाही नाही, ताप असला तरी नाही. "काही नको" म्हणून कुशीवर वळायचात. परवा पंगतीत मागायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला तुमच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. आणि ते तुम्ही माझ्यासाठी केलंत. पंगतीसाठी नाही, अन्नासाठी नाही. मी तिथे एकटी पडले होते म्हणून.

आणि मी? मी तुमचीच मुलगी. फलाटावर उभी राहून "सावकाश जा" म्हणणारी. इतकी पत्रं लिहिली, आणि दर वेळी तिकडे बरं वाटत असेल तर राहा, काळजी करू नका, मनाला येईल तसं करा. एकदाही जे हवं होतं ते लिहिलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला समजेल. तुम्हाला वाटलं असेल, हिला नको आहे.

रोज संध्याकाळी मी दोघांपुरता भात लावते आणि निम्मा सकाळी फोडणीला टाकते. टेबलाशी बसवत नाही, ओट्यापाशी उभ्यानेच खाते. कामाच्या गोष्टी सांगायला घरात कोणी नसतं. तुम्ही नुसते हुं हुं करत होतात तरी चालायचं.

बाबा, घरी या. मला तुम्ही हवे आहात.

निरू